धक्क्यावरचा कॅप्टन

१४ एप्रिल, ओजिमा, टोकियो
ठरलं. गोल्डन वीकच्या सुट्टीत सेतो समुद्रातली बेटं. फेरीबोटीत गर्दी करून नाही, चक्क यॉट चार्टर करून. इथल्या बेटांवरच्या खलाशांचा एकेकाळी या समुद्रावर वचक होता म्हणे. आता आमचा.

खरा हेतू फक्त इथे लिहितो. पुण्याच्या एका संस्थेने उल्काला सायंटिस्टची जागा देऊ केली आहे. लग्नानंतर माझ्या नोकरीपायी तिची लॅब सुटली, मान्य. पण म्हणून आता सगळं सोडून परत? तिला म्हटलं, ट्रिप होईपर्यंत त्यांना उत्तर देऊ नकोस. डेकवर, मावळतीला, शांतपणे पटवीन. मुद्दे तयार आहेत.

२१ एप्रिल
बोटीच्या लायसन्सची परीक्षा जपानीत असते. कांजी लिपी बघूनच परत आलो. हरकत नाही. कॅप्टनने बोट चालवायची नसतेच, निर्णय घ्यायचे असतात. चालवायला नाकामुरा-सान नावाच्या स्किपरबाई येणार आहेत. बाल्कनीत दोरीच्या गाठींचा सराव केला. उल्काची ओढणी कापावी लागली.

२ मे
उलटीच्या गोळ्या घेतल्यास का, उल्काने विचारलं. मी हसलो. माझं आजोळ मालवण. तिथे जाताना दर वेळी उलटी व्हायची, पण ती घाटात, बसमध्ये. समुद्राचा काही संबंध नाही.

३ मे, सकाळ, ताकामात्सू
निघालो. वारा झकास. माझी कॅप पांढरी. लेक कादंबरी फोटो काढते आहे.

३ मे, थोड्या वेळाने
अक्षर हलतंय. बोटीमुळे.

३ मे, दुपार, ओगिजिमा
जमिनीवर आहे. नाकामुरा-साननी खूप वाकून, खूप माफी मागून मला उतरायला सुचवलं. कादंबरी पाठीवर हात फिरवत ‘पापा, दाइजोबु? बरंय ना?’ म्हणत राहिली. उल्का म्हणाली, आपण सगळेच उतरू या. म्हटलं, छे, तुम्ही व्हा पुढे, मी फेरीने येऊन तुम्हाला पुढच्या मुक्कामी, होन्जिमाला गाठतो. तिने दोनदा विचारलं. मग शीड फुगलं आणि तिने मागे पाहिलं नाही.

४ मे, होन्जिमा
ओगिजिमाहून इकडे थेट बोट नाही. उलट ताकामात्सू, तिथून ट्रेनने मारुगामे, मग फेरी. धापा टाकत बंदरात पोचलो तर यॉट नाही. वारा फिरला म्हणून आज त्या तिघी अलीकडच्या बेटावरच थांबणार, असा मेसेज.

उल्काचा फोन आला. सुकाणू तिच्या हातात होतं! आवाज एकदम कॉलेजातला. वाऱ्यात निम्मं ऐकूच येईना. शेवटी ‘...कळवू का?’ एवढं कळलं. पोचल्यावर कळवू का, असं असणार. ओरडून म्हटलं, हो हो, कळव ना, विचारतेस काय! लगेच मुद्दा क्रमांक एक सुरू केला. चांगला रंगला होता. फोन केव्हाच कटला होता. धक्क्यावरच्या एका आजीबाईंनी मला संत्रं दिलं.

५ मे, होन्जिमा
यॉट आली. उल्काने धक्क्यावर उडी मारली आणि सगळ्यांसमोर मला मिठी. डोळे भरलेले. म्हणाली, “मला वाटलं होतं तू महिनाभर वाद घालशील. पुण्याला हो कळवू का विचारलं, तर म्हणे विचारतेस काय! मी तिथूनच मेल टाकली रे.”

मी तोंड उघडलं. कादंबरी बघत होती. नाकामुरा-सान, एक शब्द कळत नसताना, डोळे पुसत होत्या.

म्हणालो, अगं, त्यात काय.

मुद्दे अजून पाठ आहेत. योग्य वेळ बघून काढीन.

१८ मे, ओजिमा
योग्य वेळ आलेली नाही. उल्का बॅगा भरताना गाते. ती गाते हे मी विसरलो होतो. माझा प्रोजेक्ट मार्चपर्यंत. पुढचं पुढे.

आज तिकिटं काढली. नारिता ते मुंबई, खिडकीजवळची, दोघींसाठी दोन. मीच काढली.