आबांना न सोसणारा वारा

आबा,

कॉम्प्युटरवर केलेल्या लग्नपत्रिकांचे नमुने गिऱ्हाइकाला द्यायला पिंप्राळ्याला जाते आहे. भाकरी-ठेचा झाकून ठेवलाय.

कॉम्प्युटर का रखडायचा ते सापडलं. आक्कांनी हौसेने विणलेला रुमाल त्याच्या मागच्या जाळीवर लोंबायचा, म्हणून आतली गरम हवा बाहेरच पडत नव्हती. रुमाल रेडिओवर घातलाय. आक्कांना कारण सांगू नका.

"मला कूलरचा वारा सोसत नाही," म्हणत तुम्ही उन्हाळाभर कूलर कॉम्प्युटरकडे वळवून ठेवलात. आज शेजारचे रुपचंदभाऊ म्हणाले, दुपारभर तुम्ही लिंबाखाली ओला पंचा डोक्यावर घेऊन बसता. कॉम्प्युटर घ्यायला नको म्हणणारे तुम्हीच ना, आबा?

कूलरमध्ये पाणी भरलंय, तोंड तुमच्या खाटेकडे केलंय. कॉम्प्युटरला आता तो लागत नाही. गुपचूप आत येऊन झोपा.

तुमची सून,
उज्वला