उलट्या फेऱ्यांची पानं

५ ऑगस्ट, मंगळवार

शी! दोनदा साबणानं हात धुतले तरी वास जात नाही.

दीपश्रीच्या माहेराहून, हुबळीहून, लोकरीची पिशवी आली. सूनबाईंनी मोठ्या कौतुकानं पुढे केली — "आई, तोरणाला होईल म्हणून अम्मानं सगळी उरलेली लोकर पाठवलीय." उघडली तर डांबरगोळ्यांचा भपकारा! आत झुरळाची अंडी. एका गुंड्यात लांबच्या लांब पांढरा केस गुंतलेला. विहीणबाईंचाच असणार, दुसरं कोण म्हातारं आहे त्या घरात? अर्धी लोकर तर जुने स्वेटर उसवून काढलेली, अजून कुरळी ती कुरळीच. कुणाच्या काखेतला घाम कुणास ठाऊक, आणि ती म्हणे गौरीच्या पुढ्यात टांगायची!

फेकूनच दिली असती. पण आमच्या घरची रीत आडवी येते. गौरीचं तोरण क्रोशाचं, आणि तेही उरल्यासुरल्या लोकरीचं. विकत आणलेली नवी लोकर चालत नाही. सासूबाईंनी घालून दिलेलं. यंदा माझ्याकडे उरलेलीच नाही, कारण डोळ्यांमुळे वर्षभरात एक स्वेटर धड झाला नाही. मग काय, अडला हरी!

७ ऑगस्ट, गुरुवार

रिठ्याच्या पाण्यात लोकर तीनदा धुतली. पाणी काळं, मग तपकिरी, मग चहासारखं. हे म्हणाले, "अगं, लोकर धुतेस की पाप?" पेपरात डोकं खुपसून बसायचं आणि असलं काहीतरी बोलायचं, एवढंच ह्यांना येतं. बाहेर पिरपिर चालूच. आमच्या मळमड्डी भागात आठ दिवस ऊन नाही. सगळ्या घरभर ओल्या लोकरीच्या लडी टांगल्यात. ओल्या मेंढीच्या गोठ्यात राहते आहे मी.

९ ऑगस्ट, शनिवार

राखीपौर्णिमा. सकाळीच वाद.

वेदश्री — आमची नात, सात वर्षांची, दुसरीत — मागे लागली, अज्जी मलाही शिकव, मीपण पान करणार. मला बरं वाटलं. एकतीस वर्षं शाळेत शिवण-विणकाम शिकवलं, घरात शिकणारं कुणी नव्हतं. शेजारी बसवलं. सुई हातात दिली, तर घेतली डाव्या हातात! काढून उजव्यात दिली. परत डाव्यात. परत उजव्यात. उजव्या हातानं तिला एक साखळी येईना. लोकर घट्ट ओढायची, सुई निसटायची, नाकातून पाणी. मी बोटांवर हलकेच एक चापट दिली. हलकेच! तेवढ्यात दीपश्री स्वयंपाकघरातून आली — "लेफ्टी आहे ती आई, डॉक्टरांनी सांगितलंय बदलायला जाऊ नका. असू द्या की."

असू द्या! जेवताना तोच हात ताटात. प्रसाद घेताना तोच पुढे. मला तर घास उतरत नाही. ज्या हातानं धुवायचं, त्याच हातानं देवाचं करायचं? मी तसं स्पष्टच बोलले, आणि पोरीसमोर बोलले — "हा हात घाण. गौरीच्या वस्तूला हा हात लागता कामा नये." पोरीनं आपल्या हाताकडे बघितलं. मग धुवून आली.

माझ्या वर्गात एक डावरी मुलगी राहिली नाही कधी. पट्टी होती माझ्याकडे. वर्ष संपायच्या आत सगळ्या सरळ.

१० ऑगस्ट, रविवार

दीपश्री बोलत नाही. न बोलो. चहा मात्र बेचव केला.

१३ ऑगस्ट, बुधवार

आंब्याची अकरा पानं झाली. एक पोपट झाला, चोच वाकडी. हिरव्या लोकरीचा वास अजून येतो, धुतली तरी. मी नाकाला पदर लावून विणते, हे हसतात.

वेदश्री रोज शाळेतून आली की माझ्यासमोर पाटावर येऊन बसते. शेजारी नाही, अगदी समोर. हात मांडीखाली दाबून माझ्या हातांकडे टक लावून बघत बसते. बोलत नाही, काही मागत नाही. बरं झालं, समज आली. मुलांना एकदा ठणकावून सांगितलं की पुरतं.

जयलक्ष्मीअक्का शेजारून डोकावली. तिचं म्हणणं, डावरी पोरं हुशार असतात, होगली बिडरी. सोडून द्या म्हणे! हिची नात असती म्हणजे कळलं असतं.

१६ ऑगस्ट, शनिवार

कमळ तीनदा उसवलं. डोळे पाणावतात. वास, वास, वास.

२१ ऑगस्ट, गुरुवार

आज मात्र कमाल झाली.

तोरण ओवायला टोपलीतली पानं मांडून बसले. माझी एकवीस. मोजते तर सव्वीस! पाच जास्तीची. हातात घेतलं आणि बोटांनाच कळलं, हे माझं नाही. टाके सैल, कडा कुरतडल्यासारख्या, आणि फेऱ्या सगळ्या उलट्या! आपण विणतो तेव्हा फेरी उजवीकडून डावीकडे जाते. ह्या पाचांची डावीकडून उजवीकडे. कुणातरी डावरीचं काम. एकतीस वर्षं हेच बघितलंय, अंधारातसुद्धा ओळखीन.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हुबळीची पिशवी! त्या घाणीतच ही तयार पानं आली असणार, आणि मी न बघता माझ्या टोपलीत घेतली. म्हणजे त्यांच्या घरातच हे आहे. पोरीत आलं कुठून, आज कळलं! एवढी किळस आली की काय सांगू. दीपश्री भाजी निवडत होती, आमचा श्रीकांत, तिचा नवरा, बँकेतून नुकताच आला होता, वेदश्री समोर पाटावर. सगळ्यांच्या देखत म्हणाले, "ही घाण तुमच्या माहेराहून आली का गं? गौरीला असलं चालत नाही." आणि उसवली. क्रोशाचं एक बरं असतं, शेवटची गाठ सोडली की सगळं सरसर निघतं. पाच पानं, दोन मिनिटं. गुंडा केला आणि बाजूला टाकला.

दीपश्री म्हणाली, माहेराहून पानं आलीच नाहीत. मग काय आकाशातून पडली? वेदश्री उठून आत गेली.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

पानं वेदश्रीची होती.

दीपश्रीनं आज सांगितलं, भांडून नाही, सरळ. समोर बसून बघून शिकली. आरशात बघावं तसं. माझा उजवा तो तिचा डावा. मग रोज संध्याकाळी गच्चीच्या जिन्यात बसून आठ दिवसांत पाच पानं केली, गुपचूप टोपलीत ठेवली. गौरी बसल्यावर सांगणार होती की अज्जी, ओळख माझी कुठली.

मला कुणी सांगितलं होतं का? मला काय स्वप्न पडणार होतं? शिकवणारीला न विचारता शिकायचं, आणि वर चूक माझी! उलट्या हाताचं देवाला चालत नाही हे मी आज सांगत नाहीये.

तरी सात वर्षांच्या पोरीनं नुसतं बघून पान उतरवलं. खांब, साखळी, वळण, सगळं. माझ्या वर्गात असं कुणाला आलं नव्हतं.

जेवले नाही. पित्त झालंय.

२४ ऑगस्ट, रविवार

श्रीकांतनं चहा घेताना सांगितलं. हुबळीत बँकेजवळ घर बघतोय. गौरी झाल्या की जायचं म्हणतोय. रोज चिगरी बसनं हुबळीला जायचा यायचा त्रास होतो म्हणे. बारा वर्षं झाला नाही तो त्रास, आजच झाला! मी तोंडावर म्हणाले, पोरीला माझ्यापासून तोडायला नेताय असं सांग ना सरळ. तो म्हणाला, "हो आई." एवढंच. माझा पोरगा कधी असं बोलला नव्हता.

वेदश्री गेली तर ह्या घरात आवाज कुणाचा? ह्यांच्या पेपरचा? छे, नकोच तो विचार.

आणि गंमत बघा, पोरगी आता उजव्या हातानं जेवते! कुणी न सांगता. भात अर्धा बाहेर सांडतो, पण उजव्यानं. मी म्हटलं, बघा, लागलं की नाही वळण. कुणी हसलं नाही.

२६ ऑगस्ट, मंगळवार

शाळेतल्या बाईंनी दीपश्रीला बोलावलं होतं. वेदश्री वर्गात लिहीत नाही. चार दिवस वही कोरी. विचारलं तर पेन्सिल हरवली म्हणते. दप्तरात तीन पेन्सिली निघाल्या.

दीपश्रीनं हे मला सांगितलं नाही. श्रीकांतला सांगत होती, मी ऐकलं. चोरून ऐकलं, खरं लिहायला काय हरकत आहे इथे.

२७ ऑगस्ट, बुधवार

गणपती बसले. आरतीत वेदश्रीनं टाळ्या वाजवल्या नाहीत. मागे उभी होती.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

तोरण पुरं केलं. एकवीस पानं, दोन पोपट, मधे कमळ. टांगून लांबून बघितलं. टापटीप. सगळं कसं एका दिशेनं, एकाच हाताचं.

बघवेना. इतकं निर्जीव तोरण मी आजवर केलं नव्हतं. वाटलं ओढून काढावं. पाच पानांची लोकर कुठे टाकली ते शोधलं, सापडली नाही. मी परत करणार होते तशी पानं? कुठल्या हातानं करणार होते?

३१ ऑगस्ट, रविवार

गौरी आल्या.

कसं लिहू.

दारापासून मखरापर्यंत कुंकवाचे हात काढले. गौरीचा मुखवटा आमच्यात घरातली कुमारिका घेऊन येते, म्हणजे वेदश्री. नवं परकर-पोलकं, केसांत अबोली. दीपश्रीनं घंटा धरली, मी पुढे उभी. विचारायचं असतं — गौर आली, कशाच्या पायानं आली? पोरीनं उत्तर द्यायचं — सोन्यारुप्याच्या पायानं. दिलं तिनं, पण मुखवटा एकाच हातावर! उजव्या. पितळी मुखवटा, चांगला जड. डावा हात परकराच्या घोळात मागे. उंबऱ्यापाशी मुखवटा घसरला. मी ओरडले, "अगं दोन्ही हात लाव! पडेल ना गौर!"

लावला नाही. श्रीकांतनं पुढे होऊन मुखवटा झेलला. पोरगी मागे सरकून भिंतीला टेकली. मी तिचा डावा हात ओढून बाहेर काढला.

मनगटापासून बोटांच्या टोकापर्यंत लोकर गुंडाळलेली. हिरवी. त्याच पाच पानांची. दातानं ओढून ओढून घट्ट गाठ मारलेली. सकाळपासून, अंघोळ झाल्या झाल्या. बोटांची टोकं जांभळी, फुगलेली, गार. मला म्हणाली, "अज्जी, आता हा गौरीला लागणार नाही. आता आपण हुबळीला नाही ना जायचं?"

म्हणजे पोरगी समजून होती की तिच्या हातापायी घर मोडतंय!

कात्री आणली. दीपश्रीनं ती माझ्या हातून काढून घेतली. तिनंच कापलं. मला एक शब्द बोलली नाही. त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

झुरळाच्या अंड्यांची किळस केली मी, विहिणीच्या पांढऱ्या केसाची केली. खरी घाण कुठे होती ते आज पोरीच्या मनगटावर बघितलं. स्वतःचीच शिसारी येते. शाळेतल्या त्या पोरी आठवतात. एक मुसळे म्हणून होती, पट्टी उचलायच्या आधीच हात पुढे करायची. मी तिला शहाणी म्हणायची.

गौरीपुढे शेपूची भाजी-भाकरी ठेवली. वर बघायचं धाडस झालं नाही.

१ सप्टेंबर, सोमवार

पुरणावरणाचा नैवेद्य. बायका हळदीकुंकवाला आल्या, तोरणाचं कौतुक केलं. मी हळदीकुंकवाचं ताट पुढे केलं. वेदश्रीची सूज उतरली. हात मुठीत मिटून धरते. जेवायला उजवाच. मी म्हणाले, तुला हवा त्यानं जेव गं. तिनं माझ्याकडे बघितलं आणि उजवाच ठेवला. माझ्यावर विश्वास नाही तिचा. का असावा?

२ सप्टेंबर, मंगळवार

हे डाव्या हातानं लिहिते आहे. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. एवढ्याला पाऊण तास लागला.

मी सहा वर्षांची होते. आईनं माझा हा हात परकराच्या नाडीनं कमरेला बांधला. आषाढीला बांधला, कार्तिकीला सोडला. चातुर्मासाचा नेम म्हणून. ह्यांना ठाऊक नाही. श्रीकांतला नाही. लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली, कुणाला सांगितलं नाही.

आज वेदूला सांगितलं. तिनं विचारलं, "दुखलं होतं?"

साठ वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. हो म्हणाले.