खुंट्याला दोघींचे हात

हॅम्बुर्ग, १२ जानेवारी १९८२

आय,

तुला आम्हा दोघी बहिणींचा जयभीम. व्यंकटदादा, हे आयला सावकाश वाचून दाखव.

आम्ही सुखरूप हाव. धुरपीचा खोकला बसलाय. आमच्या जात्यावरच्या ओव्यांची रेकॉर्ड इथं लई खपायलीय, आता जपानलाबी जायलीय. दुकानाच्या काचेत आमचा फोटो हाय, त्यात धुरपीचा पदर तेवढा सरकलाय.

एक सांगायचं राहिलं. गाणं भरताना आम्हाला काचेच्या दोन खोल्यांत बसवलं होतं. दोन दिवस सूरच लागंना. आम्हाला इकडं आणलेला साहेब वैतागला. मग धुरपी म्हणाली, "जात्याबिगर कसं जमंल?" आम्ही एकाच खोलीत समोरासमोर बसलाव, मधी छत्री उभी केली आन् जात्याच्या खुंट्यावानी दोघींनी तिचा दांडा धरून फिरवला. तुझ्यासंगं दळताना एकीनं ओळ सोडायची, दुसरीनं उचलायची, तसंच. एका दमात गाणं भरलं.

ती रेकॉर्ड तू बुद्धाच्या फोटोपाशी ठेवलीस म्हणं. बीदरहून वाजवायचं मशीन आणू म्हणलं तर कामून नको म्हणतीस?

तुरी घरात आल्या आसतील. खांदा दुखायलाय का? दादानं लिहिलंय, तू एकलीच डाळ भरडायला बसतीस, पहिली ओळ म्हणतीस आन् गप होतीस.

दुसरी ओळ आमची हाय, आय. इथं रोज सकाळी आम्ही ती म्हणून घेताव.

तुझी,
शेवंता