हौसाची ओळ

१९ नोव्हेंबर १९३४, सोमवार

शाळेला पंचवीस वर्षं होतात म्हणून संक्रांतीनंतर समारंभ, आणि समारंभाला पुस्तिका. तीतलं ‘माजी विद्यार्थिनींचे वृत्त’ हे सदर माझ्या गळ्यात. हेडबाई म्हणाल्या, जुन्या मुली तुम्हालाच आठवतात. आठवतात हा माझा गुन्हा.

पोस्टकार्डं छापून आली. रकाने चार : नाव, सासरचे गाव, पतीचे नाव व हुद्दा, मुले. मी विचारलं, मुलीनं स्वतः काय केलं त्याचा रकाना कुठं? सेक्रेटरी तात्यासाहेब वकील म्हणाले, त्यात काय लिहिणार बाई, जागा रिकामी राहील. घरी आणून साठ कार्डांवर पाचवा रकाना हातानं आखला. मनगट धरलंय.

२७ नोव्हें., मंगळ.

अठरा उत्तरं. त्यातली सोळा सासऱ्यांच्या नाहीतर नवऱ्यांच्या अक्षरात. मग वर्षानुवर्षं कित्ते कुणासाठी गिरवून घेतले मी? बार्शीच्या एका सासऱ्यांनी पाचव्या रकान्यात आपल्या मुलाच्या परीक्षा लिहिल्यात, नापास झाला त्यासुद्धा. अक्कलकोटहून, ‘सूनबाई स्वयंपाक बरा करते.’ बरा!

बायकी अक्षरातली दोन. एक वेणूचं. ‘माझी काही बातमी नाही. तुमचे गुडघे कसे आहेत?’ ही वेणू नकाशात भीमा, सीना, नीरा न बघता काढायची. दुसरं कुसुमच्या आईचं. कुसुम आषाढात गेली, बाळंतपणात. ते कार्ड कुठल्या गठ्ठ्यात ठेवावं कळेना. अजून हातातच आहे.

१ डिसें., शनि.

हौसाचं कार्ड करमाळ्याहून परत आलं. वर कुणाचं तरी अक्षर : ‘ही बाई येथे नांदत नाही.’

कुंभारीच्या शेतकऱ्याची मुलगी. इथं गिरणीत जाणाऱ्या आत्याकडं राहून सातवी झाली. गणितात तिच्यासारखी मला परत मिळाली नाही. पंधराव्या वर्षी करमाळ्यास दिली.

संध्याकाळी नवी पेठेत आत्या भेटली. विचारलं तर म्हणाली, हौसा कुंभारीला मास्तरीण आहे, दोन वर्षं होऊन गेली. वर मलाच, “तुमाला ठावं न्हाय व्हय?”

नाही ठाऊक. मोटारीनं तासभरही लागत नाही एवढ्या जवळ, आणि नाही ठाऊक. शोधलंच नव्हतं. का, ते मला माहीत आहे.

२ डिसें., रवि.

कुंभारीला जाऊन आले. हौसा जात्यावरून उठून बाहेर आली. ओळखलं लगेच. पाया पडली नाही. घोंगडं टाकलं, गुळाचा चहा केला, शेळीच्या दुधाचा. लोकल बोर्डाच्या शाळेत पहिली-दुसरी तिच्याकडं आहे. मुली येत नाहीत म्हणून सकाळी घरोघर जाऊन घेऊन येते. ट्रेनिंगची परीक्षा बाहेरून दिली. सांगताना कुठंही फुशारकी नाही. मीच सारखी ‘वा वा’ करत होते, आणि माझं मलाच ऐकवेना.

मग तिनं काढलंच. सात वर्षांपूर्वी ती माझ्या दारात आली होती. सतरा वर्षांची, मनगट सुजलेलं, ओठ फुटलेला. नवऱ्यानं मारलं म्हणाली, परत जात नाही म्हणाली. मी जेवू घातलं, तेल चोळलं, आणि संसार असाच असतो हो म्हणून तासभर सांगितलं. दुसऱ्या दिवशी जेऊरचं, म्हणजे करमाळ्याच्या स्टेशनाचं, तिकीट काढून गाडीत बसवून दिली.

“त्येच्यानंतर तीन वर्सं काढली मी तितं,” एवढंच म्हणाली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. तीन वर्षांनी एके दिवशी चालत जेऊरला आली, ती थेट बापाच्या घरी. माझ्या दारावरून नाही.

नवं कार्ड दिलं. तिथंच भरलं. अक्षर अजून तसंच, टाकानं कोरल्यासारखं. पतीच्या रकान्यावर आडवी रेघ. पाचव्यात : ‘लोकल बोर्डाच्या शाळेत शिक्षिका. नवरा सोडून आले.’ मी म्हटलं, पहिलं वाक्य पुरे, दुसरं कशाला?

“दोन्ही लिवा, बाई. दुसरं झालं म्हणून पयलं झालं. न्हायतर नावच नगं.”

५ डिसें., बुध.

तात्यासाहेबांनी कार्ड दोनदा वाचलं. ओरडले नाहीत. म्हणाले, यंदा तीन बापांनी मुली काढून नेल्या, हे वाचून आणखी सहा नेतील. शाळा कुणासाठी चालवायची मग? माणूस खोटं बोलत नाही, हाच त्रास. यावर त्यांचा तोडगा : ‘सौ. हौसाबाई, करमाळा.’ एवढंच.

हेडबाईंचा तोडगा आणखी थोर. ‘श्रीमती’ लिहा, लोक काय समजायचं ते समजतील. म्हणजे विधवा समजतील. मी म्हटलं, नवरा जिवंत आहे तिचा. शाळेत मी एक खरी विधवा आहे तेवढी पुरे.

हेडबाई पाणी प्यायला उठून गेल्या.

११ डिसें., मंगळ.

पुस्तिकेची मुद्रितं माझ्याकडं तपासायला. वृत्ताचं पान उघडलं. ‘सौ. हौसाबाई, करमाळा. संसारात सुखी.’

संसारात सुखी!

ती ओळ खोडली आणि हौसाची दोन वाक्यं तिच्याच शब्दांत समासात लिहिली, बापाचं नाव लावून. कुसुमचीही ओळ घातली. वारली ती विद्यार्थिनी नव्हती का? खाली ‘तपासले’ म्हणून सही. मुद्रितं स्वतः छापखान्यात नेऊन दिली. मॅनेजरनं विचारलं, वकीलसाहेबांना दाखवलंत? मी म्हटलं, सदर माझ्याकडं आहे. खोटं नव्हतं. तरी जेवण गेलं नाही.

१४ डिसें., शुक्र.

छपाई थांबवली आहे. सोमवारी चार वाजता कमिटीपुढं हजर राहावे, अशी शिपायाहाती चिठ्ठी. हेडबाई घरी येऊन गेल्या. माफी मागा, नजरचूक झाली म्हणा, नोकरीचा प्रश्न आहे. वीस वर्षं चुका तपासते आहे मी. नजरचूक म्हणे.

हौसाला कार्ड टाकलं : असं असं झालं आहे, तू येऊ नकोस.

१७ डिसें., सोम.

तीनला दार वाजलं. हौसा. रजा टाकून आली आहे. येऊ नकोस लिहिलं होतं ना, म्हटलं. म्हणाली, कार्ड मिळालं म्हणूनच आले. लहानपणीही अशीच.

मी काय बोलणार ते तिला वाचून दाखवलं. टिपण चांगलं झालं होतं. बोर्डाची शिक्षिका, शाळेचा मान, सत्य छापण्यात कमीपणा नाही, वगैरे. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “तुमी मला परत धाडलं हुतं, त्ये सांगणार का?”

मी म्हटलं, त्याचा इथं काय संबंध? आणि चिडलेच. नोकरी पणाला लावून बसले आहे मी तिच्यासाठी, आणखी काय हवं हिला? असं म्हणालेही, थोडंसं.

ती रागावली नाही. उंबऱ्यात उभी होती, पदर नीट करत म्हणाली, “मग माज्या एकटीचीच बातमी छापायची व्हय?”

शाल घेते म्हणून आत आले आणि हे लिहीत बसले आहे. साडेतीन होऊन गेले. ती बाहेर ओट्यावर बसली आहे, हाक मारत नाही. टिपणाचा कागद समोर आहे. शेवटच्या ओळीखाली जागा आहे. टाक बुडवला, ‘सात वर्षांपूर्वी या मुलीस मी’ इथवर लिहिलं, आणि ‘परत धाडले’ हे पुढचे दोन शब्द लिहून शाल घेऊन निघते आहे.