तीन हजार जनावरांची पांजरपोळ

५ जानेवारी १९७३
नरडाणा स्टेशनच्या बाकावर कुणीतरी विसरलेली इंग्रजी कादंबरी सापडली. कव्हरवर टोपीवाला, घोडा, पिस्तूल. आम्हा जैनांच्या घरात असलं चालत नाही. नुसती दोन पानं बघितली. दोंडाईच्याला उतरायचं राहिलं. नंदुरबारहून परतलो.

८ जानेवारी
काय पुस्तक आहे! पिस्तूल एकदाच उडालं, बाकी सगळी गुरंच. दुष्काळ पडलाय आणि एक म्हातारा तीन हजार जनावरं घेऊन हजार मैल निघालाय. कुठे? अडलेले शब्द मी सोडून देतो, डिक्शनरीने रस जातो. पण उघड आहे: दूरच्या पांजरपोळीत, जन्मभर सांभाळायला. अमेरिकेतही जीवदया! डोळे भरून आले. सौ.ला म्हटलं, धार्मिक वाचन आहे. म्हणाली, मग हातपाय धुऊन वाचा.

१३ जानेवारी
पुढच्या रविवारी आमच्या पांजरपोळीचा चिटणीस ठरणार. मी किंवा मेहुणा महावीर. तो रोज पहाटे गुरांना कडबा घालतो. मी विचारांचा माणूस. तरी उद्यापासून मीही जाणार. नक्की.

१४ जानेवारी
उठलो होतो. पण म्हातारा भर पुरात नदीत उतरला होता. त्याला तसा टाकून कसं जाणार?

२१ जानेवारी
सभा जिंकली! अख्खी गोष्ट सांगितली. वीस पानं उरलीत, पण शेवट काय, उघडच आहे. तोही सांगितला. बायका रडल्या. चिटणीस मीच! अध्यक्ष फुलचंदजी, म्हणजे माझे सासरे, म्हणाले, इथेही दुष्काळ, तापीकाठी चारा आहे, आपली चाळीस गुरं उद्या पायी न्या, कंवरसाबांना, आमच्या जावयांना, या कामाची माहिती आहे. मी हो म्हटलं.

२२ जानेवारी, दुपारी
म्हाताऱ्यासारखा सगळ्यांच्या पुढे चाललो. दोन मैलांवर मागे बघितलं. एक शेपूट दिसेना. सगळी परत गोठ्यात. गुराखी निंबा म्हणाला, "शेठ, ढोरेसले महावीरभाऊनी सवय शे." महावीरने हाक मारली आणि चाळीसच्या चाळीस त्याच्यामागे तापीकडे गेली.

२४ जानेवारी
गुरं सुखरूप पोचली. आता चिटणीस महावीर. बरंच झालं, वाचायला वेळ मिळतो. आज शेवटची वीस पानं वाचली, डिक्शनरी घेऊन.
कत्तलखाना. तीन हजारच्या तीन हजार. म्हातारा तिथून दाढी करायला गेला.
समाजाच्या साठ बायकांनी उद्या त्याच्या नावाने उपवास धरलाय. सौ.ने विचारलं, शेवट कसा होता. मी सांगितलाच होता की, म्हटलं. उपवास मीही धरलाय.