दुपारचा हॉर्न

११ एप्रिल १९८३
ही वही फक्त गाडीच्या बिघाडासाठी. रडगाणं लिहायचं नाही.
बिघाड असा: पिकअप अंगणात उभी, चावी माझ्या कमरेला, आणि भर दुपारी हॉर्न आपोआप वाजतो. ऊन उतरलं की गप्प. म्हणजे उष्णतेशी संबंध आहे. बावीस वर्षं शाळेत फिजिक्स शिकवलं आहे. आठवड्याच्या आत शोधून काढीन.
वाजण्याची पद्धत: एक लांब, दोन आखूड. हे घरी आले की असाच वाजवायचे, फाटक सताड उघडं असलं तरी. हे कार्तिकात गेले. योगायोग.

१३ एप्रिल
ड्रायव्हर दगडोबाने खेपेसाठी नेलेली चावी परत आणून दिली. म्हणाला, पगार कापा बाई, पर मी न्हाई बसत. मालक हायेत तिथं. मी म्हटलं, तुझे मालक मळ्यात आहेत, खड्डा तूच खणलास. म्हणाला, तेच तर म्हनून राहिलो. आमच्यात जाळतात, विषय मिटला. तुमच्यात माणसाला बसवून माती देतात. बसलेल्या माणसाचा हात हॉर्नवर जायचाच की.
मी आत निघून आले. उन्हामुळे.
गाडी बंद म्हणजे तांड्याचं पाणी बंद. विहिरी आटल्यापासून आमच्या बोअरची पिंपं जातात तेवढाच आधार. नवा जिल्हा झाला, कलेक्टर लातूरपर्यंत जवळ आले. पाणी मात्र होतं तिथून आणखी खाली गेलं.

१५ एप्रिल
सासूबाईंना कानाशी ताट आपटलं तरी ऐकू येत नाही. हॉर्न बरोबर ऐकू येतो. आला ग माझा मल्लू, असं म्हणत तांब्या घेऊन बाहेर जातात आणि ड्रायव्हरच्या खिडकीशी उभ्या राहतात. मी बजावलं, दुष्काळात असं पाणी वाया घालवायचं नाही. म्हणाल्या, वाया कुठं जातं? तो नाही म्हणाला की मीच पिते.
निश्चय: या घरात अंधश्रद्धेला थारा नाही. उद्या उदगीर.

१६ एप्रिल
उजाडायच्या आत स्वतः गाडी चालवत गेले. हणमंतराव मेकॅनिकचं गॅरेज चिंचेच्या दाट सावलीत. हॉर्नने दिवसभर तोंड उघडलं नाही. हणमंतराव म्हणाले, गाडी ठणठणीत आहे, बाई. तुम्हाला झोप लागते ना? तरी नवा हॉर्न बसवलाच. उद्या दुपारी घरी वाजला तर पूर्वीपेक्षा मोठ्याने वाजेल, एवढीच प्रगती.

१७ एप्रिल
वाजला. मोठ्याने.
दगडोबा फाटकाबाहेरूनच म्हणाला, वायर तोडून टाका की, बाई. त्याला समजावलं की लक्षण दाबणं म्हणजे निदान नव्हे. आधी निरीक्षण.

२० एप्रिल
रोज दुपारी केबिनमध्ये बसते. थर्मामीटर आरशाला टांगला आहे. जाताना साडी बदलते, कारण घरातली सीटच्या तारेत अडकते. निळी इरकल हाताशी आली. ह्यांना आवडायची, पण तो मुद्दा नाही. चहाचे दोन कप नेले. दुसरा तापमानाच्या तुलनेसाठी.
दुसऱ्याचं तापमान घ्यायचं राहिलं.
आज मी आत असताना वाजला. माझे हात मांडीवर होते. स्टीअरिंगला हात लावला तर एकाच जागी जास्त गरम, कुणी आत्ताच हात काढून घेतल्यासारखं. अंगावर काटा आला. घाम वाळला की येतो.

२४ एप्रिल
तांड्यावरून सरजाबाई रिकामी घागर घेऊन चालत आली. म्हणाली, बाई, तुमचं भूत भांडखोर हाय का? न्हाई ना? मग त्यालाच पाठवा पानी घिऊन. पोरं गढूळ पिऊन राहिलीत.
स्वतः एक खेप टाकली. पिंपं उतरवताना कंबर धरली. रोज मला जमणार नाही. बिघाड लवकर काढला पाहिजे.
उद्यापासून कसून.

२७ एप्रिल
सापडला!
ओलं फडकं स्टीअरिंगच्या नळीला गुंडाळलं, हॉर्न थांबला. फडकं वाळलं, वाजला. पुन्हा ओलं केलं, गप्प. हॉर्नची वायर त्या नळीतून जाते. तिचं वरचं रबर तडकलंय. नळी तापली की उघडी तार लोखंडाला टेकते. बस्स. यात मेलेल्या माणसाचा काही संबंध नाही.
सासूबाईंना ओरडून समजावलं. म्हणाल्या, बरोबर आहे. लहानपणापासून पाणी दिलं की गप बसायचा. मग माझा हात धरला. लगेच दुरुस्त करू नको ग, महानंदा.
मी ठणकावून सांगितलं, तांड्याला पाणी हवंय. उद्याच करणार.

२८ एप्रिल
वायर नव्हती.

३० एप्रिल
वायर आणली. रंग पसंत पडला नाही.

२ मे
डोकं दुखत होतं. दुपारी निरीक्षण तेवढं केलं.
संध्याकाळी सरजाबाई पुन्हा आली. या वेळी घागर फाटकाशी ठेवून नुसती उभी राहिली. ते वाईट.

३ मे
सकाळी नवी वायर ओवली, वर रबरी नळी चढवली. दगडोबा दुपारभर कान देऊन गाडीशेजारी बसला. हॉर्न वाजला नाही. त्याने हात जोडले, म्हणाला, गेले मालक. मी विचारलं, एक लांब, दोन आखूड, कसं व्हायचं आठवतं ना? तो म्हणाला, कुठलं लांब नि आखूड, बाई? नुसतं भ्यां करायचा. रेडकावानी.
दगडोबाचा कान कच्चा आहे.
चारच्या सुमारास पिंपं तांड्यावर गेली. काम फत्ते. वही बंद.

४ मे
एक राहिलं. दुरुस्ती पक्की झाली का, हे पाहायला हवं. खेप झाल्यावर गाडी सावलीत न लावता उन्हात लावायला सांगितली. बसले. काही नाही. दुरुस्ती पक्की आहे.

५ मे
पुन्हा बसले. थर्मामीटर विसरले. घरात, अंगणात, मळ्यात कुठं काही आवाज नाही.
हॉर्नच बिघडला असला तर? रस्त्यावर धोका. म्हणून बटण दाबून पाहिलं. एक लांब. दोन आखूड.
सासूबाई तांब्या घेऊन धावतच आल्या, पदर सावरत. खिडकीशी थांबल्या. माझ्याकडे पाहिलं, इरकलीकडे पाहिलं. म्हणाल्या, तू होय. मग तू पी.
प्यायले. थोडं त्यांच्यासाठी ठेवलं.
हॉर्न उत्तम चालू आहे. एका चाचणीवर भरवसा ठेवता येत नाही. उद्या पुन्हा पाहीन.