ह्यांच्या शेजारची जागा

३ नोव्हेंबर
आमचा पलंग गेला! संदेशने खोली रिकामी केली आणि दवाखान्यात असते तसली लोखंडी कॉट आणून लावली — दोन्ही बाजूंना कठडे. ह्यांना तिच्यावर झोपवलं. मला बाहेर दिवाण. मुलगा प्रेमानेच करतोय, काय बोलणार?

५ नोव्हेंबर
झोप नाही. ह्यांच्या घोरण्याला जन्मभर नावं ठेवली. आता तेच ऐकायला कान लावून पडते.

९ नोव्हेंबर
सायली भूमितीचं पुस्तक घेऊन आजोबांकडे आली — सवयीने. शाळेत 'अॅडजेसंट अँगल' शिकवताहेत, हा शब्द आला कुठून? कॉलेजात इंग्रजी शिकवलेला माणूस, शब्द विचारला की त्याची कुंडलीच मांडायचा! अर्धांगवायूने वाचा गेलीय, हे पोर क्षणभर विसरली. मग ओशाळली. ह्यांनी डोळे मिटून घेतले.

शेवटी मीच त्यांचा सुलतान बाजारात घेतलेला जाडजूड कोश काढला आणि मोठ्याने वाचला. शब्द मूळचा लॅटिन. 'अॅड' म्हणजे जवळ, पुढचा भाग म्हणजे आडवं पडून असणं. अॅडजेसंट — जवळ पडलेलं.

"आजी, अँगल कसे काय लेटतील?" सायली हसली.

ह्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे बघत चांगल्या हाताने बाजूची गादी थोपटली. पुन्हा थोपटली. मला समजलं. पोरीसमोर काय करणार, पांघरूण सारखं केल्यासारखं केलं.

१० नोव्हेंबर
कठडा खाली केला, एक पाय वर घेतला — तेवढ्यात गंगू आली. ह्यांचं सगळं तीच करते. "नक्को अम्मा, एकीच जन का पलंग है. साब गिर जाते."

संध्याकाळी संदेशच्या कानावर गेलंच. रागावला नाही, समजावत बसला. रुंद कॉट मिळते का बघतो म्हणाला. नवऱ्याशेजारी निजायला मुलाची परवानगी! लाज वाटली. मग रडूच आलं.

१४ नोव्हेंबर
रुंद कॉट मिळाली नाही. हे रोज थोपटतात. मी खुर्ची ओढून हात धरते. त्यांना पुरत नाही, मलाही नाही.

२१ नोव्हेंबर
आज थोपटलं नाही.

२३ नोव्हेंबर
सकाळी हे गेले. समोरच्या सावित्रीबाई म्हणाल्या, भुईवर घ्या. संदेशने आणि गंगूने उचलून चटईवर ठेवलं. मी जवळ आडवी झाले. सावित्रीबाई काहीतरी सांगू लागल्या, संदेश त्यांना बाहेर घेऊन गेला. गंगूने दार लोटलं.

माणसं येईपर्यंत पडून राहिले. भुईवर जागा पुष्कळ होती.